शब्द बदलला की दावा बदलतो : संशोधकांसाठी इंग्रजी समानार्थी शब्द

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर इथे देत आहोत. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.

आजचा विषय विज्ञानात संशोधन करणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे एम.एस्सी.चा प्रकल्प लिहिणारे, पीएच.डी.ला नोंदणी केलेले, पहिला शोधनिबंध पाठवायच्या तयारीत असलेले. तुमच्यापैकी अनेकांचं शालेय शिक्षण मराठीतून झालेलं असतं. विषय पक्का असतो, प्रयोग नीट झालेला असतो, पण लिहायला बसलं की तीच ती चार क्रियापदं येत राहतात. शो, गिव्ह, गेट, डू. मग कोणीतरी सांगतं, "जरा व्होकॅब्युलरी वाढव." आणि आपण समानार्थी शब्दांच्या याद्या शोधायला लागतो.

यादी शोधण्यात काहीच गैर नाही. पण शाळेत आपण समानार्थी शब्द कसे शिकलो ते आठवा. सूर्य म्हणजे रवी, भास्कर, दिनकर, मित्र. यातला कुठलाही लिहा, एक मार्क मिळायचा. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं असतं की समानार्थी म्हणजे एकाच्या जागी दुसरा. कवितेत ते चालतं. विज्ञानाच्या लेखनात चालत नाही. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे: संशोधनाच्या इंग्रजीत शब्द बदलला की दावा बदलतो. म्हणून शब्द वाढवायचे ते दावा अचूक करण्यासाठी.

पारिभाषिक शब्दाला हात लावायचा नाही

एक खरी गोष्ट सांगतो. २०२१ साली गियोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मगाझिनोव्ह या तीन संशोधकांनी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांतून विचित्र शब्दप्रयोग शोधून काढले. त्यांना त्यांनी नाव दिलं ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’, म्हणजे छळ करून वाकवलेले शब्दप्रयोग. ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बुझम पेरिल’ लिहिलेलं. म्हणजे आपल्याकडे स्तनाच्या कर्करोगाला कोणी ‘उराचं संकट’ म्हणावं तसं. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं झालं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे खोटी जाणीव. ‘बिग डेटा’चं झालं ‘कलॉसल इन्फर्मेशन’. संख्याशास्त्रातल्या ‘रँडम फॉरेस्ट’चं तर ‘इरेग्युलर वुडलँड’ झालं!

हे कसं होतं? दुसऱ्याचा मजकूर घ्यायचा, शब्द आपोआप बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, आणि साम्य तपासणाऱ्या यंत्रणेला चुकवायचं. सॉफ्टवेअर प्रत्येक शब्दाला ‘समानार्थी’ शब्द लावतं. त्याला कुठे ठाऊक असतं की ‘ब्रेस्ट कॅन्सर’ हे दोन शब्द मिळून एका आजाराचं नाव आहे?

आपल्याकडे या मोहाचं एक कारण आहे, टक्केवारीची भीती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. ४० ते ६० टक्के आढळलं तर सुधारित प्रबंध एक वर्ष सादर करता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. साहजिकच मुलं घाबरतात आणि दिसेल तो शब्द बदलत सुटतात. पण त्याच नियमांत असंही म्हटलं आहे की सर्वसामान्य पारिभाषिक शब्द, नियम, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं या तपासणीतून वगळायची. संदर्भसूचीही वगळायची. म्हणजे संज्ञा बदलून तुम्हाला काहीच मिळत नाही, उलट अर्थ मात्र हातचा जातो.

तेव्हा पहिला नियम लिहून ठेवा. पारिभाषिक शब्द पहिल्या पानावर जो वापरला, तोच शेवटच्या पानापर्यंत. ‘एकच शब्द सारखा वापरू नये’ हा निबंधाच्या तासाचा नियम इथे विसरायचा. एका परिच्छेदात ‘सॅम्पल’, दुसऱ्यात ‘स्पेसिमेन’, तिसऱ्यात ‘स्पेसिमेन मटेरियल’ लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

काही जोड्या तर बोलताना सारख्या वाटतात आणि विज्ञानात पूर्ण वेगळ्या असतात. ‘ॲक्युरसी’ आणि ‘प्रिसिजन’ घ्या. एक किलोचं प्रमाणित वजन तुमच्या तराजूवर पाच वेळा ठेवलं आणि पाचही वेळा ९५० ग्रॅम आलं. प्रिसिजन उत्तम, ॲक्युरसी नाही. ‘एफिकसी’ आणि ‘इफेक्टिव्हनेस’ ही जोडी कोविडच्या लशींच्या वेळी आपण रोज ऐकली. चाचणीच्या काटेकोर परिस्थितीत लस किती उपयोगी पडते ती एफिकसी, आणि प्रत्यक्ष लोकांमध्ये किती उपयोगी पडते ती इफेक्टिव्हनेस. आणि ‘सिग्निफिकंट’! रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘महत्त्वाचा’ किंवा ‘बराच मोठा’. शोधनिबंधात आकड्यांच्या शेजारी हा शब्द आला की वाचणारा संख्याशास्त्रीय कसोटी शोधतो. ती लावली नसेल तर ‘लार्ज’, ‘मार्क्ड’ किंवा ‘कन्सिडरेबल’ म्हणा. त्याहून उत्तम म्हणजे सरळ आकडा द्या.

क्रियापदांची शिडी

मग समानार्थी शब्दांचा खरा उपयोग कुठे? क्रियापदांत. पण ही क्रियापदं यादीसारखी आडवी मांडायची नाहीत, शिडीसारखी उभी मांडायची.

समजा, तुम्ही दोन हंगाम सोयाबीनला एक जिवाणू खत दिलं आणि उत्पादन वाढलेलं दिसलं. आता काय लिहाल? सगळ्यात खालची पायरी ‘सजेस्ट’: निष्कर्ष तसं सुचवतात. त्याच्या वर ‘इंडिकेट’: तसा निर्देश करतात. मग ‘शो’: दाखवतात. त्याच्या वर ‘डेमॉन्स्ट्रेट’: शंकेला फारशी जागा न ठेवता दाखवतात. आणि सगळ्यात वर ‘प्रूव्ह’. हा शब्द गणितवाल्यांसाठी ठेवलेला बरा. शेतात दोन हंगामांच्या प्रयोगाने काही ‘प्रूव्ह’ होत नाही.

अशीच कारणांची शिडी असते. ‘इज असोशिएटेड विथ’ म्हणजे दोन गोष्टी एकत्र आढळतात, एवढंच. ‘कॉन्ट्रिब्यूट्स टू’ म्हणजे अनेक कारणांपैकी हे एक. ‘कॉजेस’ म्हणजे हेच कारण. पाहणी करून मिळालेल्या माहितीवर ‘कॉजेस’ लिहिलंत की परीक्षक तिथेच लाल खूण करणार.

खालची पायरी निवडणं म्हणजे कमीपणा, असं मुळीच समजू नका. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाकार रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा शोधनिबंध २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये आला. जेमतेम एका पानाचा निबंध. विसाव्या शतकातला केवढा मोठा शोध! आणि त्याच्या पहिल्याच वाक्यात रचनेसाठी वापरलेलं क्रियापद आहे ‘सजेस्ट’.

या शिडीचं सगळ्यात चांगलं उदाहरण हवामानशास्त्रात सापडतं. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाने आपल्या अहवालांसाठी शब्दांना चक्क टक्के ठरवून दिले आहेत. ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के शक्यता. ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९०. ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ म्हणजे किमान ९५. आता हे अहवाल क्रमाने बघा. अलीकडची तापमानवाढ बव्हंशी माणसामुळे झाली आहे, याबद्दल २००१ च्या अहवालात शब्द आहे ‘लाइकली’. २००७ मध्ये ‘व्हेरी लाइकली’. २०१३ मध्ये ‘एक्स्ट्रीमली लाइकली’. आणि २०२१ मध्ये माणसाच्या प्रभावाने पृथ्वी तापली याबद्दल ‘अनइक्विव्होकल’, म्हणजे निःसंदिग्ध. वीस वर्षांत पुरावा वाढत गेला आणि शब्द एकेक पायरी वर चढला. विज्ञानात शब्द असा कमवावा लागतो.

दुसऱ्याच्या कामाबद्दल लिहितानाही हेच. ‘रिपोर्ट’ तटस्थ आहे. ‘आर्ग्यू’ म्हणजे युक्तिवाद करणं. ‘पॉइंट आउट’ म्हटलंत की ते म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं होतं. आणि ‘क्लेम’ म्हटलंत तर तुम्हाला शंका आहे. मराठीत ‘ते म्हणाले’ आणि ‘त्यांनी दावा केला’ यात जो फरक, अगदी तोच. आपल्या मार्गदर्शकांच्या निबंधाबद्दल ‘क्लेम’ लिहिण्याआधी जरा थांबा!

शब्दाची सोबत

आता एक गंमत करू. मराठीत ‘वाढणं’ या एका गोष्टीला किती क्रियापदं आहेत बघा. ताप फणफणतो, भाव कडाडतात, आजार बळावतो, तण माजतं. आता अदलाबदल करा: भाव फणफणले, ताप माजला, तण कडाडलं. हसू येतं ना? प्रत्येक शब्दाची सोबत ठरलेली असते, आणि ती आपल्याला कोणी शिकवलेली नसते, कानावर पडून येते.

इंग्रजीतही तेच. अभ्यास ‘कंडक्ट’ करतात, निष्कर्ष ‘ड्रॉ’ करतात, प्रश्न ‘ॲड्रेस’ करतात, गृहीतक ‘टेस्ट’ करतात. ‘इन्क्रीज’च्या जागी ‘सोअर’ वर्तमानपत्राच्या मथळ्यात शोभतं, तुमच्या निष्कर्षांत नाही. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. आपण तो लावतो, कारण मराठीत आपण एखाद्या गोष्टी‘बद्दल’ चर्चा करतो.

एक सोपा बदल मात्र लगेच करता येतो. बोली इंग्रजीतली दोन-तीन शब्दांची क्रियापदं लेखनात एका शब्दाची होतात. ‘फाइंड आउट’चं ‘डिटरमाइन’, ‘लुक इंटू’चं ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘गेट रिड ऑफ’चं ‘रिमूव्ह’ किंवा ‘एलिमिनेट’. पहिले शब्द घरगुती, दुसरे बहुतेक लॅटिन मुळाचे. आपण नाही का बोलताना ‘बघितलं’ म्हणतो आणि अहवालात ‘निरीक्षण केलं’ लिहितो?

वही कशी करायची

सुरुवात कुठून करायची? २००० साली न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध केली. सुमारे ३५ लाख शब्दांचा शैक्षणिक मजकूर तपासून त्यांनी ५७० शब्दकुटुंबं निवडली. कुटुंब म्हणजे ‘ॲनलाइझ’, ‘ॲनलिसिस’, ‘ॲनलिटिकल’ असं सगळं मिळून एक. त्या मजकुरातले सुमारे १० टक्के शब्द या कुटुंबांतले निघाले. रोज दोन कुटुंबं धरली तरी वर्षाच्या आत यादी संपते.

पण पाठ करू नका, वही करा. आणि ती वर्णानुक्रमाने करू नका, कल्पनेनुसार करा. समानार्थी शब्दांचा प्रसिद्ध कोश करणारे पीटर मार्क रोजे हे पेशाने डॉक्टर, लंडनच्या रॉयल सोसायटीचे बरीच वर्षं सचिव. त्यांचा ‘थिसॉरस’ १८५२ साली आला, तो कल्पनांच्या वर्गीकरणानुसार मांडलेला होता. म्हणजे हे काम मुळात एका विज्ञानातल्या माणसाचंच!

तुम्हीही एकेका कल्पनेला एक पान द्या. वाढ, घट, फरक, कारण, मर्यादा, सहमती. प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहा: शिडीवर तो कितव्या पायरीवर आहे, त्याच्या सोबतीला कोणते शब्द येतात, आणि तुमच्याच विषयातल्या चांगल्या शोधनिबंधातलं एक पूर्ण वाक्य. शंका आली तर तो शब्दप्रयोग अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर शोधा. तुमच्या विषयातली माणसं तो वापरत नसतील, तर तुम्हीही वापरू नका.

एआयची मदत घेणाऱ्यांनाही हेच सांगेन. चॅटजीपीटी आल्यानंतर वैद्यकीय शोधनिबंधांच्या सारांशांत ‘डेल्व्ह’ हा शब्द एकाएकी इतका वाढला की संशोधकांनी त्यावरच संशोधन केलं. यंत्राला शब्द जरूर विचारा. पण तुमच्या पुराव्यासाठी कुठली पायरी योग्य, हे तुम्हालाच ठरवावं लागेल, कारण प्रयोग तुम्ही केला आहे.

जाता जाता एक गृहपाठ. आपल्या अलीकडच्या लेखनाचा सारांश काढा आणि फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: एवढं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे आहे का? जिथे नाही, तिथे एक पायरी खाली उतरा. आणि जिथे पुरावा भक्कम असूनही संकोचाने ‘सजेस्ट’ लिहिलं असेल, तिथे बिनधास्त एक पायरी वर चढा. मराठी माध्यमातून आलेली मुलं ही दुसरी गोष्ट करायला जास्त कचरतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

तुमच्या वहीतलं एखादं पान आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात शोधनिबंधाचा सारांश कसा लिहायचा यावर बोलू. तोपर्यंत, लिहीत राहा.