नदीजलातील कीटकनाशके आणि जैवसंवेदक

(चेन्नईतील पेरुंगुडी येथे मराठी भाषक रहिवाशांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेचे पाणी चेन्नईची तहान भागविण्यास हातभार लावते, ही आपणा सर्वांना जिव्हाळ्याची वाटणारी गोष्ट आहे. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ अब्ज घनफूट पाणी या शहरासाठी देण्याचे मान्य केले. श्रीशैलम जलाशयातून सोमशिला व कंडलेरूमार्गे ते १९९६ मध्ये प्रथम तमिळनाडूत पोहोचले. सांगलीच्या मळ्यात फवारलेले औषध पुंडीच्या तलावात जसेच्या तसे येते, असे मात्र नव्हे. वाटेत मोठी धरणे आहेत, पाण्यात ते विरळ होते, पुष्कळ रसायनांचे विघटनही होते. खरा धोका आहे तो शेताला लागून असलेल्या ओढ्याचे व नदीचे पाणी पिणाऱ्या गावांना.

फवारणीनंतर पाऊस झाला की कीटकनाशकाचा अंश ओढ्यात उतरतो आणि काही दिवसांत वाहून जातो. गॅस क्रोमॅटोग्राफीची चाचणी अचूक असली, तरी ती खर्चिक आहे; तिला प्रयोगशाळा व प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. त्यामुळे नमुने मोजकेच घेतले जातात आणि नेमका धोक्याचा दिवस निसटतो. ही उणीव भरून काढण्यासाठी जैवसंवेदकाचा, म्हणजेच बायोसेन्सरचा, विचार होत आहे.

सेंद्रिय फॉस्फरस व कार्बामेट वर्गातील कीटकनाशके मज्जासंस्थेतील असिटिलकोलिनएस्टरेज या विकराचे कार्य थांबवितात. कीटक मरतो तो यामुळेच, आणि माणसाला विषबाधा होते तीही यामुळेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेथे वापरल्या गेलेल्या औषधांत या वर्गातीलही होती. हेच विकर विद्युत्-अग्रावर बसविले, की पाण्यातील विषाच्या प्रमाणात त्याची क्रिया मंदावते व विद्युत्प्रवाह घटतो. ही घट म्हणजेच इशारा होय.

दुसरी पद्धत मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. फ्लॅवोबॅक्टेरियम या जिवाणूच्या पेशी त्यांनी काचतंतूंच्या गाळणीत स्थिर केल्या. हे जिवाणू मिथाइल पॅराथिऑनचे विघटन करतात व त्यातून पिवळसर पॅरा-नायट्रोफिनॉल तयार होते. ते प्रकाशतंतूच्या साहाय्याने मोजता येते. चाचणीस अवघे ७५ मायक्रोलिटर पाणी पुरते.

तथापि, या साधनाची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. या संवेदकाची किमान मापनक्षमता प्रतिलिटर सुमारे ७९ मायक्रोग्रॅम आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात मिथाइल पॅराथिऑनची मर्यादा मात्र ०.३ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेच्या दोनशे पट दूषित असलेले पाणीही या संवेदकापुढे निर्दोष ठरेल! शिवाय २०१८ मध्ये या कीटकनाशकावर देशात बंदी आली; एकाच रसायनासाठी घडविलेले साधन अशा वेळी मागे पडते. विकरावर आधारलेले संवेदक अधिक संवेदनक्षम असतात, परंतु विष नेमके कोणते हे ते सांगत नाहीत. जड धातूंमुळेही ते फसू शकतात आणि डीडीटीसारखी क्लोरिनयुक्त रसायने त्यांच्या कक्षेबाहेर राहतात.

म्हणून जैवसंवेदकाला पहारेकऱ्याचे काम द्यावे, न्यायाधीशाचे नव्हे. त्याने इशारा दिला की पाण्याचा वापर थांबवून नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. परंतु तो गप्प राहिला म्हणून पाणी शुद्ध असल्याचा दाखला कोणीही देऊ नये.

अशा पहाऱ्यासाठी मनुष्यबळ आपल्याकडे आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन अभियानात प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या संचात फ्लोराइड, नायट्रेट, लोह अशा चाचण्या असतात. कीटकनाशकांची चाचणी सहसा नसते. फवारणीच्या हंगामात व पहिल्या पावसानंतर नदीकाठच्या पाणीयोजनांच्या उद्भवांवर, पुरेशी मापनक्षमता सिद्ध झालेले संवेदक या भगिनींच्या हाती द्यावेत आणि निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.

२००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत मेथोमिलचे अवशेष आढळले. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी अवशेष तपासणीची काटेकोर व्यवस्था उभी राहिली आणि पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे संदर्भ प्रयोगशाळेची जबाबदारी आली. परदेशी ग्राहकाच्या घासासाठी जी शिस्त आपण अंगी बाणवली, ती आपल्याच गावकऱ्यांच्या पाण्याच्या घोटासाठी अशक्य आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.