दुसऱ्या फेरीचा शिधा



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्याच्या फाटकाशी झाले. आता माझी जीभही पूर्वीसारखी वळत नाही. एखादा शब्द अडखळला तर सांभाळून घ्या. फाटकसभा गाजवणाऱ्या माणसाचे असे का झाले, तेच आज सांगायचे आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या गालाच्या आत कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, नंतर सहा आठवडे किरणोपचार झाले. लोक म्हणाले, बरा झालास. मीही तसेच म्हणालो. गेल्या वर्षी रोग जबड्यापाशी पुन्हा उठला. पहिल्या वेळी माणूस घाबरतो. दुसऱ्या वेळी तो हिशेब मांडत बसतो, की माझे चुकले कुठे? आणि मग पहिले बोट जाते ते ताटाकडे.

घरी येणारा प्रत्येक जण एकेक पथ्य देऊन गेला. साखर सोडा, रोग साखरेवर जगतो. दूध सोडा. धान्यच सोडा, नुसता रस घ्या. हेतू सगळ्यांचा चांगला होता. मी ऐकले. तीन आठवडे गव्हांकुरांचा रस आणि पपई यांवर काढले. वजन ५८ किलोवरून ५२ वर आले. जिना चढताना धाप लागू लागली. रुग्णालयात आहार सांगणाऱ्या बाईंनी काय खाता हे विचारलेच नाही. आधी विचारले, वजन किती उतरले? आकडा ऐकून म्हणाल्या, "काका, रोगाला उपाशी ठेवायला गेलात, पण उपाशी तुम्ही राहिलात."

त्यांनी समजावले ते असे. रोगाच्या पेशी साखर अधिक वापरतात, हे खरे. परंतु आपण खाणे बंद केले तरी शरीर आपलेच स्नायू मोडून साखर तयार करते. म्हणजे मालकाला तोटा व्हावा म्हणून कामगाराने स्वतःचे घर विकावे, तसे झाले.

मला १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप आठवला. वडील संपात होते आणि मी शाळकरी पोर. गावाहून तांदळाचे पोते आले की घरात धीर येई. केवळ शिध्याने संप जिंकता येत नाही. पण शिधा सरला की संप मोडतो. आजारातही अन्नाची जागा हीच. ते शस्त्र नव्हे, शिधा आहे.

हे केवळ माझे मत नाही. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या ३,०८८ स्त्रियांची पाहणी झाली. सुमारे निम्म्या स्त्रियांना भरपूर भाज्या-फळे आणि कमी स्निग्ध पदार्थ असा कडक आहार सांगितला, बाकीच्यांना नेहमीचा सल्ला दिला. सात वर्षांनंतरचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. रोग उलटण्याचे प्रमाण दोन्हींकडे जवळजवळ सारखेच होते. तो रोग माझा नव्हे. पण ताटाकडून किती आशा धरावी, हे त्यातून कळते.

मग मी काय खाल्ले? दुधातली नाचणीची पेज. मऊ खिचडीत कालवलेले अंडे. ओला बोंबील, कारण तोंड दोन बोटेच उघडत होते. शेंगदाण्याचे कूट आणि कुस्करलेले राजेळी केळे. तिखट बंद. आमच्या घरातून म्हणणे आले, "तुमच्यापुरते वेगळे शिजवायचे नाही. सगळ्यांचेच तिखट कमी." पोरांनी कुरकूर केली, पण मी एकटा पडलो नाही. चार किलो वजन परत मिळवून मी शस्त्रक्रियेला गेलो. नंतर काही आठवडे हीच पेज पातळ करून नाकातल्या नळीतून घेतली.

आता कबुली देतो. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर मी तंबाखू सोडली, पण सुपारी ठेवली. नुसती सुपारी काय करणार, असे वाटे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी आपल्याकडच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध फार पूर्वीच दाखवला. तंबाखूविना सुपारीही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे. माझा रोग सुपारीमुळेच उलटला का, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. पण दूध आणि भात सोडणारा मी खिशातली पुडी सोडत नव्हतो. हे खरे कुपथ्य.

कामगार तंबाखू का मळतो, हेही सांगतो. पाळी लांबते, भूक लागते, जेवायला सवड नसते. चिमूट दाबली की भूक मरते. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तास कामानंतर अर्धा तास विश्रांती दिली होती. तो अर्धा तास आम्ही किती ठिकाणी खरोखर मिळवून दिला? मीही पगारवाढीसाठी तो कैकदा सोडून दिला. आता सोडत नाही. डबा बसून खाण्याची वेळ ही माझ्या मागणीपत्रातली पहिली मागणी आहे.

दर तपासणीच्या आदल्या रात्री झोप येत नाही. तिसऱ्यांदा काय होईल, ते मला ठाऊक नाही. परंतु सकाळी पेज पिऊन, नालासोपाऱ्याहून गाडी पकडून मी वेळेवर हजर असतो. आपल्यापैकी कोणाच्या तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारे व्रण असेल, त्याने पथ्य विचारत घरोघर फिरू नये. डॉक्टरांना तोंड दाखवावे, आणि घरी येऊन पोटभर जेवावे.