हिरवी वायर कुठे जाते?



मी भाषण करणारा माणूस नाही, वायरमन आहे. रत्नागिरीत आयटीआय केलं, काही वर्षं आखातात काढली, आता इथेच काम करतो. तुम्ही नागरिकाच्या जबाबदारीवर बोलायला सांगितलंत. मी माझ्या धंद्यातूनच बोलतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. नंतर चिखल काढायला आम्ही काही जण इथून गेलो. एका घरी चाचा म्हणाले, "बेटा, मेन चालू करून दे, पंखा तरी फिरेल." मी आधी बोर्ड उघडला. आत गाळ. मग अर्थिंगची हिरवी वायर शोधत घराबाहेर गेलो. भिंतीमागे ती हातभर लोंबत होती. पुढे खड्डा नाही, पट्टी नाही. पण चाचांच्या फाईलमधल्या टेस्ट रिपोर्टवर अर्थिंग ठीक असल्याचं लिहून ठेकेदाराची सही होती. त्या ठेकेदाराला चाचांनी कधी पाहिलंच नव्हतं. काम नात्यातल्या मुलाने केलेलं, सही पैसे देऊन आणलेली. घरात फ्रीज, पाण्याची मोटर आणि रांगणारी नात.

मी मेन चालू केला नाही. पुराच्या पाण्यात गेलेले एमसीबी आणि स्विच वरून सुकले तरी बदलावेच लागतात. चाचा नाराज झाले. मीही गप्प झालो, कारण आखातात जाण्याआधी परवान्याशिवाय मीही घरं केली होती. कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून सांगतो, विचारा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे घराचं वायरिंग परवानाधारक ठेकेदारामार्फत, जाणकार पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परवाना असलेल्या वायरमननेच करायचं असतं. बल्ब, पंखा, स्विच बदलणं यातून वगळलंय. नवीन लाईन ओढणं नाही.

आपल्याकडे जांभा आहे. पावसाचं पाणी त्यातून झरझर उतरतं आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडते. कोरड्या जमिनीत अर्थिंग कमजोर होतं. म्हणून नुसता रॉड ठोकून भागत नाही. अर्थ टेस्टरने मोजायला लावा, आकडा लिहून घ्या, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घाला.

दुसरं, एमसीबी वायर वाचवतो, माणूस नव्हे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. त्यावर चाचणीचं बटण असतं. दाबल्यावर तो पडला नाही, तर वायरमनला बोलवा. हे घरी कराच, मशिदीतही करा. वजूखान्यात पाय ओले असतात आणि मोटर बहुतेक शेजारीच असते.

आपल्या कितीतरी घरांत कर्ते पुरुष आखातात असतात. वायरमन येतो तेव्हा दार अम्मी किंवा बहीण उघडते. मुलींनो, संकोच करू नका. "भाई, परवाना दाखवा. टेस्ट रिपोर्टवर सही करणारा स्वतः येणार का? बिल देणार का?" एवढंच विचारा. खरा कारागीर रागावत नाही. टाइल्सला लाख रुपये घालणारे आपण अर्थिंगच्या चार पैशांवर घासाघीस करतो, याचंही भान ठेवा.

आणि मुलांनो, बोर्ड जोडता येतो म्हणून थांबू नका. इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा आहे. तो करा, परवाना काढा. आपला मुलगा म्हणून काम मिळतं, पण परवाना असला की मोहल्ल्याबाहेरही मिळतं.

चाचांनी नंतर सगळं वायरिंग नव्याने करून घेतलं. खड्डा खोदताना स्वतः उभे राहिले. आज घरी गेल्यावर तुम्हीही एक करा. मीटरपासून सुरुवात करा आणि हिरवी वायर कुठे जाते ते बघा. हात लावू नका, फक्त बघा. जमिनीपर्यंत पोहोचत नसेल, तर उद्याच परवानाधारक माणसाला बोलवा.