वाकड्या पिंपळाची कुंडी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. मिलमध्ये फिटर आहे. शाळा सातवीला सुटली, पुढचं जे शिकलो ते वाचनालयात आणि चळवळीत. आज उभा राहिलो तो या टेबलावरच्या पिंपळासाठी. मागच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाले, "पाहुणे येणार, हे वाकडं झाड कशाला मांडता? पनवेलहून एखादं देखणं बोन्साय आणू." आणि आपल्याच वस्तीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, "काका, आपल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या खुजं ठेवलं. आता तुम्ही बोधिवृक्षालाच खुजं करता?" पहिल्या बोलण्याचं मला हसू आलं. दुसरं मात्र अख्खी पाळीभर डोक्यातून गेलं नाही.

आधी हे झाड कुठून आलं ते सांगतो. पाखरं पिंपळाची फळं खातात, बी भिंतीच्या फटीत पडतं. आपल्या कर्जत-खालापूरच्या पावसात भिंती चार महिने ओल्या, मग काय, रोप धरतंच. विहाराच्या कठड्यात असंच एक धरलं. ठेवावं तर मुळं स्लॅब फोडणार, काढावं तर लोक ॲसिड ओततात. आम्ही छिन्नीने विटा मोकळ्या करून ते काढलं. भिंतीला दाबून वाढल्यामुळे बुंधा एका बाजूने चपटा होता, आणि काढताना शेंडा मोडला. रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली आणि त्यात लावलं.

एक कबुली देतो. याच्या आधीचं एक रोप मी मारलं आहे. भर मे महिन्यात एकाच दिवशी मुळं कापली, फांद्या छाटल्या, तार गुंडाळली आणि उन्हात ठेवलं. आठवड्यात वाळलं. तेव्हा धडा मिळाला की आधी मूळ सावरायचं, रूप नंतर.

हे झाड सहा वर्षं डब्यात राहिलं. पुढे पुढे पाणी घातलं की वरच तुंबायचं, पानं पिवळी पडायची. गेल्या वर्षी मृगाचा पाऊस लागून हवेत ओल आली तेव्हा डबा कापला. आत माती थोडी, मुळंच फार, मोटारीच्या वाइंडिंगसारखी गोल गोल गुंडाळलेली. काडीने ती हळूहळू सोडवली. जाड, गोल फिरलेली मुळं कापली, बारीक तंतुमुळं राखली. एकंदर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काही काढलं नाही. मग पसरट मातीची कुंडी घेतली, भोकांवर मच्छरजाळीचा तुकडा ठेवला. दोन भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग भरड रेती, एक भाग कुजलेलं शेणखत. विटांची धूळ चाळून टाकायची, नाहीतर चिखल होतो आणि आपल्या पावसात मुळं कुजतात. झाड हलू नये म्हणून तारेने कुंडीला बांधलं, काडीने मुळांच्या मधे माती सारली, खालून पाणी वाहेपर्यंत पाणी घातलं, आणि तीन आठवडे व्हरांड्यात सावलीला ठेवलं. त्या वर्षी कात्री लावलीच नाही.

कात्री लावली ती यंदा, पानं जोमात आल्यावर. मोडक्या शेंड्याचा खुंट तिरका कापला, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. पिंपळाचं लाकूड मऊ, वाळका खुंट ठेवला तर कूज आत उतरते. चीक ओल्या फडक्याने पुसला. खालची एक फांदी वर घेऊन तोच नवा शेंडा केला. तांब्याची तार विस्तवात लाल करून गार केली की मऊ पडते, तीच वापरली. तार दर आठवड्याला बघावी लागते. एकदा ओव्हरटाइमच्या नादात मी विसरलो, ती सालीत रुतली. तो वळ अजून दिसतो, आणि तो माझ्या चुकीचा आहे.

सगळे म्हणत होते, चपटी बाजू मागे लपवा. मी ती पुढेच ठेवली. भिंतीत जन्मलेलं झाड आहे, भिंत दिसू दे. आपण कोंडाण्याची लेणी पाहायला जातो. तिथले खांब तुटलेत, स्तूप झिजलाय, तरी ती पिंपळपानाची कमान बघून आपले हात जुळतात. कोणी म्हणत नाही की हे पाहुण्यांना दाखवू नका.

आता त्या मुलीचा प्रश्न. पोरी, माणसाच्या बाबतीत तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं. माणसाला कोणी कुंडीत ठेवू नये. झाडाचं म्हणशील तर त्याला बोलता येत नाही, म्हणून ठेवणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते. लहान ठेवणं वेगळं आणि उपाशी ठेवणं वेगळं. डब्यात सहा वर्षं मी त्याला उपाशीच ठेवलं होतं. जपानात हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडे एक पाइनचं बोन्साय होतं, 1625 पासून जोपासलेलं. 1945 साली अणुबॉम्ब पडला तो तिथून सुमारे तीन किलोमीटरवर. झाड भिंतीच्या आडोशाला होतं म्हणून वाचलं. 1976 साली त्या कुटुंबाने ते अमेरिकेला, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्या देशालाच भेट दिलं. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षउद्यानात आहे. उपाशी ठेवलेलं झाड इतकी वर्षं जगत नाही. दर पिढीत कुणीतरी पाणी घातलं, वेळेवर माती बदलली.

तरीही तुझं म्हणणं मी सोडून दिलेलं नाही. महावंसात सांगितलंय की संघमित्रा थेरींनी बोधिवृक्षाची फांदी सोन्याच्या पात्रातून लंकेला नेली. पात्र होतं ते वाटेपुरतं, शेवटी ती अनुराधपूरच्या जमिनीतच लावली. त्याच अनुराधपूरच्या वृक्षापासून नागपूरच्या दीक्षाभूमीवर भदंत आनंद कौसल्यायन यांनी बोधिवृक्ष आणला. म्हणून यंदा छाटलेल्या दोन फांद्या मी रेतीत लावल्या होत्या. एक सुकली, एक जगली. ती आज आपण ओढ्याच्या वरच्या मोकळ्या जागेत लावू, घरांपासून आणि विहारापासून चांगली लांब. खड्डा मी खणून ठेवलाय. रोप त्या मुलीने लावावं अशी माझी विनंती आहे.

आणि हे कुंडीतलं इथेच राहू दे. मला तीन पाळ्यांमुळे रोज येणं जमत नाही. सात घरांनी एकेक वार घ्यावा, उन्हाळ्यात दोन वेळ पाणी, आणि दोन-तीन वर्षांनी मी नसलो तरी कुणीतरी माती बदलावी. कशी बदलायची ते आत्ता सांगितलंच आहे. मंगळवार माझा. बाकी सहा वार कोण घेतंय, त्यांनी जाताना नाव सांगून जा.