युद्धकाळातलं वकीलपत्र

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, तुमचं अभिनंदन. पालकांचं जरा जास्त. फी त्यांनी भरली आहे.

मला ‘वकिलीतील संधी’ हा विषय दिला होता. मी तालुका कोर्टात उभा राहिलो तेव्हा बसायला खुर्ची नव्हती आणि सिनियर ज्युनियरला दमडी देत नसत. आजही बरेच देत नाहीत, वर ‘शिकायला मिळतंय ना’ म्हणतात. आपल्या धंद्याला लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे. असो. त्या विषयाऐवजी मी युद्धकाळातल्या एका वकीलपत्राची गोष्ट सांगतो.

डिसेंबर १९७१. गावात ब्लॅकआउट. एका परमुलखातल्या शिंप्याला लोकांनी बदडून पोलिसांत दिलं. म्हणे, खिडकीतून कंदील हलवून विमानांना खुणा करत होता. बाररूममध्ये त्याचं वकीलपत्र घ्यायला कुणी तयार होईना. आमच्या सिनियरांनी घेतलं. ते काही शांत गृहस्थ नव्हते. रात्री रेडिओवरच्या बातम्या ऐकून शत्रूला शेलक्या शिव्या द्यायचे आणि सकाळी त्या शिंप्याचा जामीनअर्ज लिहायला बसायचे. उलटतपासणीत त्यांनी साक्षीदाराला विचारलं, खिडकी कुठे उघडते? मागच्या बोळात. बोळावर काय आहे? पत्रा. शिंपी सुटला. सिनियरांचे काही अशील मात्र फायली उचलून घेऊन गेले.

ते युद्ध तेरा दिवसांत आटोपलं. त्यासाठी पुकारलेली आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत चालली. राग ओसरतो, त्या रागात सरकारला दिलेले अधिकार लवकर परत येत नाहीत. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्थानबद्धांना कोर्टाचं दार बंद केलं; न्या. खन्ना एकटे विरोधात गेले आणि पुढे त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. जगण्याचा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही, हे संविधानात यायला ४४वी घटनादुरुस्ती लागली.

त्याआधीचा एक खटला तुम्ही परीक्षेपुरता वाचला असेल. प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित बाहेर पाठवायला राज्य सरकारने नकार दिला. युक्तिवाद काय, तर स्थानबद्धतेच्या अटींमध्ये पुस्तक लिहून छापण्याचा हक्क कुठे नमूद नाही! न्या. सुब्बा राव यांनी सांगितलं, नियमात मनाई नाही, तर अडवता येणार नाही. निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपलं सैन्य लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडत होतं. त्या दिवशी देशात राग काय कमी होता?

माझी तक्रार न्यायाधीशांपेक्षा आपल्याच लोकांबद्दल आहे. कारगिलच्या वेळी एका बारने, नाव घेत नाही, ठराव केला की अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. मी घेतलं, तर माझ्या टेबलाशी चहा प्यायला कुणी येईना. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोहम्मद रफी प्रकरणात स्वच्छ सांगितलं. तरीही ठराव होतातच.

युद्धाच्या वेळी तुम्हाला राग येईल, यायलाच हवा. सीमेवर तुमच्यापैकी कुणाचा तरी भाऊ असेल. घरी जाऊन हव्या तेवढ्या शिव्या द्या. पण बाररूममध्ये तसल्या ठरावाचा कागद फिरत तुमच्यापुढे आला, तर त्यावर सही करू नका. आणि त्या आरोपीला वकील मिळाला आहे का, याची त्याच दिवशी चौकशी करा.