हाक आणि जबाब



नाथांच्या पैठणात येऊन संगणकाच्या पोटातल्या भानगडी सांगावयाच्या, याचा आम्हांलाच प्रथम संकोच वाटला. पण विषय वाटतो तितका परका नाही. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता जवळजवळ तीनशे वर्षांत जे अपपाठ शिरले, ते काढून एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात 2008 साली झालेली साफसफाई त्याच जातीची. पायरी अर्थात फार खालची.

आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही हल्ली एक सोडून चार-आठ प्रोसेसर असतात. स्मृती मात्र सर्वांत मिळून एकच. तिच्यातली कोणती जागा कोणाची, याचे उतारे प्रत्येक जण स्वतःजवळ बाळगतो. आता एकाने मूळ सातबाराच बदलला तर? दुसरा जुना उतारा घेऊन परक्याच्या शेतात नांगर घालणार! म्हणून पहिला इतरांना हाक मारतो : हातचे काम ठेवा, जुने उतारे फाडा. या हाकेला आमच्या धंद्यात इंटरप्ट म्हणतात. सर्वांचा जबाब येईपर्यंत हाक मारणारा खोळंबून राहतो. अशाच हाकेने दुसरीही कामे सांगता येतात.

ही कामे सांगण्याचा मजकूर पूर्वी प्रोसेसरच्या जातीगणिक निराळा होता. एकाची नक्कल दुसऱ्याने करावी, थोडा फेरफार करावा. मग चूक सापडली की दुरुस्तीही घरोघर. येन्स आक्सबो यांनी सर्वांना चालेल असा एकच मजकूर लिहिला आणि एकेकट्या प्रोसेसरला धाडावयाच्या निरोपांसाठी ज्याची त्याची रांग करून दिली. गंमत अशी, की हाक मारताना चार गोष्टी सांगाव्या लागत, त्यांतल्या एकीकडे कोणी पाहातच नव्हते. तरी अर्जातल्या जुन्या रकान्याप्रमाणे सगळे ती इमानाने भरीत! तीही त्याच वर्षी गेली.

आता आमची फजिती. अशीच सफाई करताना एक ओळ आम्ही निरुपयोगी म्हणून खोडली. ती काही करीत नव्हती. स्वतःचे कान बंद करून कोणी हाक मारली, तर फक्त ओरडत होती. पुढे एके दिवशी यंत्र गोठले. पडद्यावर चुकीचा एक शब्द नाही. तीन रात्री जागल्यावर उलगडा झाला. दोन प्रोसेसरांनी कान बंद करून एकाच वेळी एकमेकांना हाक मारली होती. दोघेही जबाबाची वाट पाहात उभे, ऐकणार कोण? दोष पूर्वीचाच होता, पण त्याची बोंब मारणाऱ्याचे तोंड आम्ही बंद केले होते.

तेव्हापासून ओळ खोडण्यापूर्वी ती काय करते एवढेच आम्ही पाहात नाही. कोण कोणासाठी थांबला आहे, हे कागदावर मांडून पाहतो. काम दुप्पट लांबते, आणि वरिष्ठांना ते रुचत नाही.

ती ओळ आम्ही परत घातली. तिच्या डोक्यावर त्या तीन रात्रींची हकीकत थोडक्यात लिहिली. नाथांनी आपल्या शुद्ध प्रतीला शक घातला आहे; आम्हीही खाली तारीख घातली.