वारं गेलं तेव्हा किती वाजले होते?

श्रोतेहो, एखाद्याचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, की आपण म्हणतो, 'अंगावरून वारं गेलं.' पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या मामांचं असंच झालं. घरच्यांनी गरम तेल चोळलं, जाणत्याला बोलावलं आणि संध्याकाळी जिल्ह्याच्या गावी नेलं. मामा वाचले, पण त्यांचा उजवा हात पुन्हा उठला नाही. मी तिथंच होतो. एम. ए. झालेला, मुलांना शिकवणारा. पण त्या दिवशी आमच्या हातून काय निसटलं, हे मला कळलं नाही. ते आज सांगतो.

हे वारं नव्हे. बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. कधी वाहिनी फुटते. मेंदूचं वजन शरीराच्या पन्नासाव्या भागाएवढं, पण प्राणवायू तो पाचवा हिस्सा खातो. आणि साठवण काहीच नाही. अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशेब मांडला, की मोठी वाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

पण सगळ्या एकदम मरत नाहीत. पाटाचं पाणी तुटलं की रानाचा मधला भाग करपतो, कडेची रोपं नुसत्या माना टाकतात. वेळेवर पाणी आलं तर ती पुन्हा उभी राहतात. मेंदूतही तसंच घडतं. ऑस्ट्रप, सिस्यो आणि सिमन या संशोधकांनी १९८१ साली या कडेच्या भागाला ग्रहणातल्या फिकट सावलीचं, म्हणजे उपच्छायेचं नाव दिलं.

तुम्ही म्हणाल, पाणी येईपर्यंत या पेशींना जगवणारं औषध का नाही? शास्त्रज्ञांनी तोच ध्यास घेतला. जॉन ओल्नी यांनी १९६९ साली उंदरांच्या पिलांवर दाखवलं, की ग्लुटामेट हे द्रव्य फार झालं तर चेतापेशी मरतात. उपाशी पेशींतून हेच द्रव्य बाहेर सांडतं आणि शेजारच्या पेशींचा घात करतं. ते अडवणारी औषधं निघाली. प्रयोगशाळेतले उंदीर त्यांनी वाचले. २००६ साली मोजदाद झाली, तेव्हा अशा उपायांची संख्या १,०२६ भरली! त्यातले शंभरावर माणसांवर वापरून पाहिले गेले. एन-एक्स-वाय ०५९ नावाच्या औषधानं २००६ मध्ये आशा दाखवली. पुढच्याच वर्षी, तीन हजारांवर रोग्यांच्या चाचणीत, ती मावळली. जगभर सर्वमान्य झालेलं असं औषध अजून हाती आलेलं नाही.

असं का? एक मोठं कारण साधं आहे. प्रयोगातला उंदीर तरुण, धडधाकट; त्याला औषध घड्याळ लावून मिळतं. आपला रोगी म्हातारा, रक्तदाब-मधुमेहानं पिडलेला, आणि तो पोचतो तासन्‌तासांनी.

उपयोग झाला तो पाणी पुन्हा सोडण्याचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तीन तासांच्या आत दिलं तर फायदा होतो, हे १९९५ साली सिद्ध झालं. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. २०१५ पासून काही रोग्यांची गुठळी नळी घालून ओढूनही काढतात. मात्र वाहिनी फुटली असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरतं. म्हणून आधी डोक्याचा सी. टी. स्कॅन लागतो, आणि म्हणूनच घरच्या घरी कसलीही गोळी देऊ नये.

तेव्हा एवढं करा. माणसाला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. तोंड वाकडं झालं, हात खाली आला किंवा जीभ अडखळली, तर लगेच १०८ ला फोन करा. स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यातच न्या. तोंडात पाणीसुद्धा घालू नका. ठसका लागून ते फुफ्फुसात जाईल. आणि हा माणूस शेवटचा धड केव्हा दिसला, ती वेळ लिहून ठेवा. गुरुजींनी आणि बाईंनी हा पाठ मुलांना द्यावा. अशा वेळी घरात पुष्कळदा मुलंच असतात.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, 'किती वाजता झालं?' आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तुमच्यापाशी उत्तर असू द्या.